व्होल्टेज उतरवताना: काटकसर, कुरकुर आणि पांढुर्णा-सौंसरचा वीजपुरवठा

अकरा हजार व्होल्टांची वाहिनी गावाबाहेरच्या डीपीपाशी ४३३ व्होल्टांवर उतरते, तेथून एका फेजवर सुमारे २३० व्होल्ट घरात येतात, आणि त्यानंतर मोबाईलच्या चार्जरपासून बाजार समितीतील इलेक्ट्रॉनिक काट्यापर्यंतचे प्रत्येक उपकरण हे व्होल्टेज आपल्या गरजेपुरते आणखी खाली आणते: कोठे २४, कोठे १२, कोठे ५, तर एखाद्या चिपसाठी जेमतेम १.२ व्होल्ट. या शेवटच्या उतारावर जे मंडल काम करते, म्हणजेच इनपुटला मिळणारे कमीजास्त व्होल्टेज स्वीकारून आउटपुटला ठरलेले कमी व्होल्टेज स्थिर ठेवते, त्याच्याकडून दोन गोष्टी मागितल्या जातात. उतरवताना वीज उष्णतेत वाया जाऊ नये ही पहिली, आणि मिळालेल्या डीसी पुरवठ्यात लहरी, टोके व रेडिओत घुसणारी खरखर, ज्यांना मिळून विद्युत गोंगाट म्हटले जाते, त्या नसाव्यात ही दुसरी. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात, हे या विषयावरील सगळ्या लिखाणाचे गृहीतक आहे. ते खरे असले तरी अपुरे आहे, कारण प्रत्यक्ष निवड कोणत्या प्रकारचा नियंत्रक अधिक चांगला यावरून होत नसून व्होल्टेज किती उतरवायचे आहे, इनपुट किती डळमळीत आहे आणि शेजारी कोणते संवेदनशील मंडल बसले आहे, यांवरून व्हावी लागते.

पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांत हा प्रश्न पुस्तकातल्यापेक्षा अधिक खरखरीत स्वरूपात दिसतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भापासून तुटून मध्य प्रदेशात राहिलेला, ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा बनलेला हा मराठी बोलणारा टापू बाजारहाटासाठी नागपूरकडे पाहतो आणि विजेच्या बिलासाठी जबलपूरच्या पूर्व क्षेत्र वितरण कंपनीकडे. २०१३ च्या अटल ज्योती अभियानानंतर मध्य प्रदेशात घरगुती वाहिन्यांना चोवीस तास आणि सिंचनाच्या वाहिन्यांना दहा तास पुरवठा असे धोरण ठरले. परंतु वाहिनी लांब असली, तिच्या शेवटच्या टोकाला संत्र्याच्या बागा असल्या आणि पंप एकाच सुमारास सुरू झाले, की त्या टोकाचे व्होल्टेज खाली बसते, आणि मध्यरात्री भार उतरला की ते नको तितके वर चढते. नियमाने कमी दाबाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. वाहिनीच्या शेपटाला राहणारा ग्राहक मात्र त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या चढउताराची तयारी ठेवूनच स्टॅबिलायझर विकत घेतो.

व्होल्टेज उतरवण्याचा जुना आणि सोपा मार्ग लीनियर नियंत्रकाचा आहे. यात एक ट्रान्झिस्टर इनपुट आणि आउटपुट यांच्यामध्ये सतत अर्धवट चालू राहतो आणि जास्तीचे व्होल्टेज स्वतःवर घेऊन उष्णतेच्या रूपाने सोडून देतो. १२ व्होल्टांतून ५ व्होल्ट काढून १ अँपिअर प्रवाह दिला, तर भाराला ५ वॉट मिळतात आणि ७ वॉट हीटसिंकवर जातात; कार्यक्षमता ४२ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, मग चिप कोणत्याही कंपनीची असो. १९७० च्या दशकाच्या आरंभी फेअरचाइल्डने आणलेली ७८ मालिका, विशेषतः ५ व्होल्टांची ७८०५, या पद्धतीची सर्वांत परिचित प्रतिनिधी असून भारतातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा पहिला वीजपुरवठा बहुधा तिच्यावरच उभा राहिला आहे. प्रभाकर देवधर यांनी १९६२ साली स्थापन केलेल्या ठाण्याच्या अ‍ॅप्लॅबचे नियंत्रित डीसी पुरवठेही महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या परिचयाचे आहेत, आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर जड ट्रान्सफॉर्मर व गरम हीटसिंक यांचे ओझे आनंदाने सोसले जाते, कारण तेथे शांत पुरवठ्याला विजेच्या बचतीपेक्षा अधिक मोल असते.

दुसरा मार्ग स्विचिंगचा आहे. यातील ट्रान्झिस्टर अर्धवट चालू कधीच राहत नाही. तो पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतो, म्हणून त्याच्यावर फारशी उष्णता निर्माण होत नाही. विहिरीवरील मोट एकेक खेप पाणी ओतते, पण मधल्या थारोळ्यामुळे पाटात पाणी सलग वाहते. तसाच विजेच्या तुकड्यांचा सलग प्रवाह येथे एक कॉइल आणि एक कपॅसिटर मिळून घडवतात, आणि चालू-बंदचे प्रमाण बदलून आउटपुट ठरवले जाते. १२ व्होल्टांचे ५ करायचे असतील तर स्विच सुमारे ४२ टक्के वेळ चालू ठेवावा लागतो. इनपुट १२ वरून १५ झाले, तर नियंत्रक ते प्रमाण ३३ टक्क्यांवर आणतो, आणि आउटपुट जागचे हलत नाही. या साध्या रचनेला बक कन्व्हर्टर म्हणतात. १९७६ हे वर्ष तिच्या इतिहासात दोनदा येते: स्पंदाची रुंदी बदलून नियंत्रण करणारी पहिली व्यापारी चिप, बॉब मॅमानो यांची एसजी १५२४, त्या सुमारास बाजारात आली, आणि कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत मिडलब्रुक व चुक यांनी अशा मंडलांचे गणित सरासरीच्या पद्धतीने मांडून ती स्थिर कशी ठेवावीत, हे तर्काच्या आवाक्यात आणले. त्याआधी स्विचिंग पुरवठा बांधणे ही बरीचशी हातोटीची बाब होती.

स्विचिंगचा फायदा जेथे निर्विवाद दिसतो ती जागा म्हणजे एलईडी बल्ब. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेने हे बल्ब घरोघर पोचवले, आणि आता ते गावातच जोडले व दुरुस्त केले जातात. दुकानदार त्यांचे दोन प्रकार सांगतो: ड्रायव्हरवाला आणि डीओबी. डीओबी म्हणजे एलईडीच्याच पट्टीवर बसवलेली छोटी लीनियर चिप, ज्यात अनेक एलईडी एकामागे एक जोडून त्यांची साखळी, समजा, २६० व्होल्टांची केलेली असते. २३० व्होल्टांच्या एसीचे शिखर ३२५ व्होल्ट असते. म्हणजे साखळीने घेतल्यावर उरलेले ६५ व्होल्ट, शिखरापाशी सुमारे २० टक्के, चिप जाळते, आणि हे प्रमाण खपवून घेण्याजोगे आहे. मात्र मध्यरात्री पुरवठा २६० व्होल्टांवर चढला की शिखर ३६८ पर्यंत जाते आणि जवळपास २९ टक्के वाटा उष्णतेत जाऊ लागतो; उलट सायंकाळी तो १७० वर बसला तर शिखर २४० वर येते, साखळीला लागणारे व्होल्टेजच मिळत नाही आणि बल्ब विझतो. ड्रायव्हरवाल्या बल्बात ८० व्होल्टांच्या आसपासची साखळी आणि तिच्यापुढे बक कन्व्हर्टर असतो; १७० असो वा २६०, शिखर ८० च्या कितीतरी वर असल्याने प्रकाश बदलत नाही. शहरात, डीपीच्या शेजारी, दोन्ही बल्ब सारखेच उत्तम ठरतील. वाहिनीच्या शेपटाला डीओबी स्वस्त पडूनही महाग पडतो. यातील बक ड्रायव्हर बहुधा मुख्य पुरवठ्यापासून विलग केलेला नसतो, म्हणून बल्बचे टोपण काढून चालू स्थितीत हात लावणे जिवावर बेतू शकते, हेही येथेच नोंदवले पाहिजे.

परंतु डीओबी रेडिओला त्रास देत नाही, आणि ड्रायव्हरवाला देऊ शकतो. स्विच ज्या वारंवारतेने चालू-बंद होतो तिच्या पटींमध्ये, म्हणजे दुप्पट, तिप्पट, चौपट अशा प्रत्येक ठिकाणी, थोडी थोडी ऊर्जा बाहेर पडते. तारांमधून जाणाऱ्या या गोंगाटावर सीस्प्र या आंतरराष्ट्रीय समितीने घालून दिलेली मर्यादा बहुतेक उपकरणांसाठी १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते. चार्जर आणि अ‍ॅडॉप्टर बनवणाऱ्यांनी यातून एक हुशार वाट काढली: स्विच ६५ किलोहर्ट्झवर चालवला की मूळ वारंवारता आणि तिची दुप्पट, म्हणजे १३० किलोहर्ट्झ, दोन्ही मर्यादेच्या अलीकडे राहतात, आणि तपासणीला तोंड द्यायचे ते तिपटीपासून पुढच्या दुबळ्या पटींनाच. ही युक्ती इतकी सोयीची ठरली की ६५ किलोहर्ट्झ हा आकडा असंख्य चार्जरांत रूढ झाला. आता ६५ ची नवपट ५८५ येते, आणि ५८५ किलोहर्ट्झ ही आकाशवाणी नागपूरच्या मध्यमलहरी ‘अ’ केंद्राची वारंवारता आहे. सौंसर आणि पांढुर्णा नागपूरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असून मराठी बातम्या, शेतीविषयक कार्यक्रम आणि नाट्यगीते येथे वर्षानुवर्षे याच केंद्रावरून ऐकली गेली आहेत. चार्जरचा स्विच नेमका ६५ वर न राहता ६५.१ वर असला, तर त्याची नवपट ५८५.९ होते आणि केंद्राच्या लहरीशी तिचा ०.९ किलोहर्ट्झचा फरक रेडिओत एका अखंड शिटीच्या रूपाने ऐकू येतो. चार्जर उन्हाने तापला की शिटीचा सूर सरकतो. वारंवारता मुद्दाम थोडी डोलवणाऱ्या नव्या चिपमध्ये शिटीऐवजी नुसती सळसळ येते, आणि मोजमापाच्या यंत्रावर आकडा कमी दिसला तरी एकूण ऊर्जा तितकीच राहते, ती पसरली जाते एवढेच. या युक्तीला गोंगाट घटवणे म्हणणे थोडे उदार आहे. बागेच्या कुंपणावरील झटका मशीनची सेकंदाला सुमारे एकदा येणारी टकटक मात्र वेगळ्या जातीची आहे. ती व्होल्टेज चढवण्यातून येते आणि कोणत्याही बक कन्व्हर्टरच्या माथी मारू नये.

भारतात २०१२ च्या आदेशाने सुरू झालेली इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी प्रामुख्याने सुरक्षिततेचा विचार करते, त्यामुळे नोंदणीचे चिन्ह असलेला अ‍ॅडॉप्टर धक्का देणार नाही अशी अपेक्षा रास्त असली तरी तो रेडिओच्या दृष्टीने शांत असेलच असे नाही. गोंगाटाचा प्रश्न खरोखर जिवावर येतो तो पुणे जिल्ह्यातील खोडदसारख्या ठिकाणी, जेथे जीएमआरटी या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणारे अत्यंत क्षीण रेडिओसंकेत टिपतात. त्या संकेतांच्या मोजणीसाठी वापरले जाणारे जान्स्की हे एकक दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला, एका वॉटचे दहाच्या सव्विसाव्या घाताइतके भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे आहे. अशा परिसरात साधा स्विचिंग पुरवठाही धातूच्या पेटीत, गाळण्या लावूनच ठेवावा लागतो.

दुर्बीण दूरची वाटली तरी तितक्याच नाजूक मोजणीचे एक यंत्र पांढुर्णा आणि सौंसरच्या कापूसबाजारात रोज चालते. इलेक्ट्रॉनिक काट्याखाली लोडसेल असते, म्हणजे दाबाने किंचित वाकणारा धातूचा ठोकळा आणि त्यावर चिकटवलेले, ताणाने रोध बदलणारे पट्टे. नेहमीचे लोडसेल पूर्ण वजनाला दर व्होल्टामागे २ मिलिव्होल्ट देते. त्याला ५ व्होल्ट पुरवले तर १०० किलोच्या काट्यात शून्यापासून शंभर किलोपर्यंतचा सगळा प्रवास अवघ्या १० मिलिव्होल्टांत होतो. पडद्यावर १० ग्रॅमचा फरक दाखवायचा असेल तर तो १० मिलिव्होल्टांचा दहा हजारावा भाग, म्हणजे १ मायक्रोव्होल्ट असतो. १२ व्होल्टांतून ५ व्होल्ट काढणारा, ५०० किलोहर्ट्झवर चालणारा, १० मायक्रोहेन्रीची कॉइल व २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असलेला बक कन्व्हर्टर कागदावरच्या हिशोबानेही साडेसहा मिलिव्होल्टांची लहर सोडतो: म्हणजे मोजायच्या संकेताच्या काही हजारपट. मोजणारी चिप पुरवठ्याचेच व्होल्टेज तुलनेला घेत असल्याने पुरवठ्यातील सावकाश बदल आपोआप वजा होतात. एचएक्स७११ सारखी, सेकंदाला दहा वेळा वाचन घेणारी चिप मुख्य पुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुणही बरीच गाळते. पण लाखो हर्ट्झची लहर मागच्या दाराने आत शिरून स्थिर दिसणाऱ्या चुकीच्या आकड्यात रूपांतरित होऊ शकते. वैधमापन खात्याचे मुद्रांकन काट्यावर होते, त्याला नंतर लावलेल्या बदली अ‍ॅडॉप्टरवर होत नाही, ही बाब अडत्यापेक्षा शेतकऱ्याने अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे.

काट्यातच याचे उत्तरही सापडते. त्यात सहा व्होल्टांची छोटी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, आणि लोडसेलला पाच व्होल्ट हवे असतात. लीनियर नियंत्रकाची कार्यक्षमता म्हणजे आउटपुट भागिले इनपुट, तेव्हा येथे ती ५ भागिले ६, म्हणजे ८३ टक्के भरते. एवढ्यासाठी बक कन्व्हर्टर लावून दोन-चार टक्के वाचवणे आणि बदल्यात गोंगाट पत्करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. येथे ७८०५ चालत नाही, कारण तिला स्वतःवर सुमारे दोन व्होल्ट लागतात. कमी अंतरात काम करणारा लीनियर नियंत्रक, ज्याला एलडीओ म्हणतात, तो वापरावा लागतो. मोठ्या उतारासाठी हीच गोष्ट दोन टप्प्यांत केली जाते: २४ किंवा १२ व्होल्टांपासून साडेपाचपर्यंत बक कन्व्हर्टरने यायचे आणि शेवटचा अर्धा व्होल्ट एलडीओने उतरवायचा. एकूण तोटा थोडाच वाढतो. एलडीओ सर्वशक्तिमान नाही. सामान्य एलडीओ १ किलोहर्ट्झची लहर हजारपट दाबतो, पण १ मेगाहर्ट्झपाशी त्याची पकड दहा-वीसपटीपर्यंत ढिली होते, म्हणून मध्ये एखादी छोटी कॉइल किंवा फेराइटचा मणी लागतो. एलटी ३०४५ सारख्या अलीकडच्या चिपचा स्वतःचा गोंगाट १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात १ मायक्रोव्होल्टाच्याही आत आणला गेला आहे. कापूस मोजायला तिची गरज नाही.

बक कन्व्हर्टरच्या स्वतःच्या शांततेबाबत गेल्या दोन दशकांतील सर्वांत उपयोगी शिकवण चिपच्या आतली कमी आणि मंडलाच्या पाटीवरच्या मांडणीची अधिक आहे. स्विच, खालचा डायोड किंवा दुसरा स्विच, आणि इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर यांच्यातून जो प्रवाह काही नॅनोसेकंदांत चालू-बंद होतो, त्याचा फेरा जितका मोठा तितका तो अँटेनासारखा वागतो. कपॅसिटर चिपपासून एक सेंटिमीटर दूर बसवणे आणि अगदी चिकटून बसवणे यात कार्यक्षमतेचा फरक नाममात्र, गोंगाटाचा फरक मात्र मोठा पडतो. असे दोन फेरे समोरासमोर आणि उलट दिशांनी ठेवून त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना काटतील, अशी व्यवस्था लिनियर टेक्नॉलॉजीने आपल्या सायलेंट स्विचर मालिकेत चिपच्या रचनेतच आणली. नागपूरच्या सीताबर्डीतून आणलेल्या, एलएम२५९६ असे छापलेल्या स्वस्त निळ्या पाटीवर यांतले काहीच मिळत नाही; ती पाटी वाईट नसते, फक्त ती पंख्याला किंवा दिव्याला द्यावी, लोडसेलला देऊ नये.

कार्यक्षमतेच्या बाजूने एक फसवा आकडा वारंवार समोर येतो, तो म्हणजे ९५ टक्के. तो पूर्ण किंवा अर्ध्या भाराचा असतो. संत्र्याच्या बागेत आंबिया बहारासाठी झाडांना ताण दिला जातो, म्हणजे पाणी तोडून ती काही आठवडे कोरडी ठेवली जातात, आणि ताण किती बसला हे जाणण्यासाठी मातीतील ओलावा मोजणारा संवेदक उपयोगी पडतो. तो तासातून क्षणभर जागा होतो आणि उरलेला वेळ १० मायक्रोअँपिअरवर झोपून राहतो. पण त्याला ७८०५ वरून पुरवठा दिला तर ती चिप स्वतःसाठीच सुमारे ५ मिलिअँपिअर घेत राहते. दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास याप्रमाणे २४०० ची बॅटरी वीस दिवसांत, म्हणजे ताण मोडण्याआधीच, रिकामी होते. एलएम२५९६ ची भूकही त्याच पातळीची आहे. येथे ९५ टक्क्यांचा बक कन्व्हर्टर आणि ४२ टक्क्यांचा लीनियर दोघेही सारखेच निरुपयोगी ठरतात आणि काही मायक्रोअँपिअरवर जगणारा साधा एलडीओ दोघांना मागे टाकतो. हलक्या भाराला मधूनमधूनच स्पंद सोडणारे बक कन्व्हर्टरही उपलब्ध आहेत, परंतु त्यांची लहर अनियमित आणि कमी वारंवारतेची असते, कधी तर कॉइल कानाला ऐकू येईल अशी कुरकुरते.

सौर चार्जिंगमध्ये बक कन्व्हर्टर एमपीपीटी या नावाने येतो: तो पॅनेलला त्याच्या सर्वाधिक शक्तीच्या व्होल्टेजवर चालवून उरलेले व्होल्टेज प्रवाहात बदलतो. ३६ सेलचे १०० वॉटचे पॅनेल २५ अंशांना १७.८ व्होल्टांवर ५.६ अँपिअर देते. ते थेट १२.५ व्होल्टांच्या बॅटरीला जोडले तर ७० वॉटच पदरी पडतात, एमपीपीटीने ९५ पर्यंत. पण मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असताना सेल ७० अंशांपर्यंत तापतात, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के व्होल्टेज गळते, सर्वाधिक शक्तीचा बिंदू १४.६ व्होल्टांवर येतो आणि एमपीपीटीची मिळकत ७८ वॉटच्या आसपास उरते. विक्रेत्याच्या पत्रकावरील तीस-पस्तीस टक्क्यांचा लाभ येथे थंडीत दिसतो. ऐन उन्हाळ्यात तो दहा-बारा टक्क्यांवर येतो.

स्विचिंगचा एक स्वभाव वाहिनीच्या टोकाला अधिक खुपतो. त्याला आउटपुटची शक्ती कायम राखायची असल्याने इनपुट घसरले की तो जास्त प्रवाह ओढतो: १० वॉटचा भार २४ व्होल्टांवर ०.४२ अँपिअर घेतो, १८ व्होल्टांवर ०.५६. जुना पिवळा बल्ब उलट वागायचा, व्होल्टेज बसले की मंद होऊन वाहिनीला थोडा विसावा द्यायचा. पंपघरापासून शेतातील ठिबकच्या व्हॉल्व्हपर्यंत लांब केबल टाकली, तर केबलमधील व्होल्टेजची घट आणि नियंत्रकाची ओढ मिळून पुरवठा एकदम कोसळू किंवा हेलकावू शकतो. इनपुटला थोडा अंतर्गत रोध असलेला मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावला की बहुधा हे हेलकावे शमतात. यामागचा स्थिरतेचा निकषही मिडलब्रुक यांनी १९७६ मध्येच मांडला होता.

तोच इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर या साऱ्या रचनेतील सर्वांत अल्पायुषी भाग आहे. त्यावर १०५ अंश आणि २००० तास असे लिहिलेले असते, आणि तापमान दहा अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट होते असा ढोबळ नियम आहे. पत्र्याच्या पेटीत तो ७५ अंशांवर राहिला तर १६,००० तास टिकतो. गरम हीटसिंकच्या शेजारी ९५ अंशांवर राहिला तर ४००० तास, म्हणजे अखंड चालवल्यास साडेपाच महिने. वय झालेला कपॅसिटर नेहमी फुगतोच असे नाही. त्याचा अंतर्गत रोध वाढतो, लहर कित्येक पटींनी मोठी होते, आणि मल्टिमीटर तरीही सरासरीचे अचूक १२ व्होल्ट दाखवत राहतो, कारण हातातल्या साध्या मल्टिमीटरला लाखभर हर्ट्झची लहर दिसतच नाही. दुरुस्तीच्या दुकानात ऑसिलोस्कोप नसतो. त्यामुळे जुन्याच्या जागी त्याच मायक्रोफॅरडचा पण ८५ अंशांचा साधा कपॅसिटर बसवला जातो, उपकरण चालू होते, १२ व्होल्ट पुन्हा दिसतात आणि काम झाले असे ठरते. १०५ अंशांचा, कमी अंतर्गत रोधाचा, ‘लो ईएसआर’ म्हणून मागावा लागणारा कपॅसिटर काही रुपयांनीच महाग असतो, पण तो मागणारे गिऱ्हाईक क्वचितच असते.